७४७ गेलं, आता विमानात आडवं व्हायला जागा कुठं राह्यली?

सोनेगावकर :
परवा २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून एअर इंडियाचं शेवटचं जंबो विमान गेलं, ‘आग्रा’ नावाचं ७४७-४००, अमेरिकेत नेऊन त्याचे पार्ट काढणार म्हणतात. उडाल्यावर पायलटनं पंख एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला झुकवून निरोप दिला, तो व्हिडिओ कालपासून पाहून राहिलो आणि दरवेळी गळा भरून येतो.

१९९८ मध्ये मी आईला घेऊन बहिणीकडे लंडनला गेलो होतो. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून जंबो. आई पहिल्यांदाच विमानात बसत होती, नऊवारी नेसलेली, पिशवीत सांडगे-कुरडया आणि बहिणीसाठी तिळाची चटणी. खिडक्यांभोवती बाहेरून ती लाल झरोक्याची महिरप काढलेली असायची ना, ती पाहून आई म्हणाली, वाड्यासारखंच आहे रे हे. विमान अर्धं रिकामं होतं. एका हवाई सुंदरीनं स्वतः येऊन मधल्या चार सीटांचे हात वर केले, दोन उश्या दिल्या आणि म्हणाली, मावशी झोपा आता. आई पाय लांब करून पाच तास झोपली. उठल्यावर मागच्या बाजूला गेली तर तिथं चार-पाच बायका उभ्या राहून गप्पा मारत होत्या, ही त्यांच्यातच रमली.

आता ऑगस्टमध्ये आईला पुन्हा न्यायचं आहे, ती ७८ ची झाली. माझं स्पष्ट मत आहे की विमानं नवीन झाली पण माणसाला बसायचं सुख कमी झालं. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

धंतोलीकरीण :
दादा, आईंची आठवण फार गोड आहे, पण मला नाही पटलं. ८० च्या दशकात मी लहान असताना बाबांच्या नोकरीमुळे आम्ही जंबोनं आखातात जायचो. मागच्या रांगांत सिगारेट ओढायची मुभा असायची, मध्ये भिंत नाही, पडदा नाही, सगळा धूर पुढं यायचा आणि माझ्या आईला दम्याचा त्रास. उतरेपर्यंत तिचे ओठ कोरडे पडून फाटलेले, पाय इतके सुजलेले की चप्पल हातात घेऊन चालायची. जागा होती हो, पण त्या जागेत श्वास घेता येत नव्हता. गेल्या वर्षी मी ७८७ नं, म्हणजे बोइंगच्या नव्या दोन इंजिनांच्या विमानानं गेले, नऊ तासांनी उतरले तर डोकं जड नाही की कान बंद नाही. मला तर हेच सुख वाटतं.

वर्धा_रोड :
हाव ना ताई, धुराचं बरोबर आहे, पण तो नियमाचा दोष होता, विमानाचा नाही. सिगारेट बंद झाली तेव्हा जंबो उडतच होतं.

आणि सोनेगावकर भाऊ, तुमच्या गोष्टीत सुख जंबोनं दिलं की रिकाम्या सीटांनी? कारण आज कोणत्या फ्लाइटमध्ये चार सीटा रिकाम्या मिळतात? जंबो का गेलं तर चार इंजिनं, टाकीत दोन लाख लिटरच्या वर इंधन, चारशे माणसं भरली तर परवडणार नाहीतर घाटा. आता दोन इंजिनांत तेवढंच अंतर कापता येतं म्हटल्यावर कोण चालवणार? रिकामं उडणारं विमान आईंसाठी छान होतं, कंपनीसाठी नव्हतं, आणि सरकारी कंपनीचा घाटा शेवटी आपणच भरत होतो.

सोनेगावकर :
वर्धा रोड, घाट्याचा हिशोब मला कळतो. पण याच जंबोंनी १९९० मध्ये कुवेतहून निघालेल्या आपल्या लाखभर लोकांना अम्मानहून आणण्यात हातभार लावला. जानेवारी २०२० च्या शेवटी वुहानला अडकलेल्या पोरापोरींना आणायला पहिलं कोणतं विमान गेलं? जंबोच, ३२४ माणसं एका खेपेत आणली. ते पण घाट्याच्याच खात्यात टाकणार का बापा? आणि सीटा रिकाम्या नसल्या तरी पायाजवळची जागा तर होती.

मिहानचा_फिटर :
मी नागपूरच्या मिहानमधल्या विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये कामाला आहे, ७८७ आणि ७७७ रोज उघडलेली पाहतो, म्हणून बोलतो.

ताईंना जे जाणवलं ते मनाचं नाही, त्याला कारण आहे. विमान वर गेलं की आतली हवा दाबून ठेवावी लागते, त्यानं विमानाचं अंग फुगतं, खाली आलं की पुन्हा आकसतं. ॲल्युमिनियमचं अंग असं हजारो वेळा फुगून थकतं, मग चिरा पडायची भीती, म्हणून दाब बेताचाच ठेवतात, आत ८००० फुटांवरच्या इतकी विरळ हवा होऊ शकते. म्हणजे शिमल्याच्याही वर बसल्यासारखं. शिवाय ओल राहिली तर ॲल्युमिनियम खराब होतं, म्हणून जुन्या विमानात हवा कोरडी. ७८७ चं अंग कार्बन फायबरचं, ते ना तसं थकत ना गंजत, म्हणून आत ६००० फुटांची हवा ठेवता येते आणि ओलही थोडी जास्त. पाय, घसा, डोकं, सगळ्याला फरक पडतो.

पण जागेच्या बाबतीत सोनेगावकर दादा खरं बोलून राहिले. ७८७ एका रांगेत आठ सीटा धरून आरामात बसतं, जपान एअरलाइन्सनं तशाच २-४-२ ठेवल्या आहेत. बाकी बहुतेकांनी नऊ बसवल्या. विमानाच्या आतल्या फरशीवरचे सीटांचे रूळ तेच, त्यावर सीटा किती आणि किती जवळ बसवायच्या ते कंपनी ठरवते. आम्ही स्वतः सीटा काढतो-लावतो, एक इंच पुढं सरकवली की मागच्या माणसाचा गुडघा कुठं लागणार ते हातानं मोजून कळतं. वाईट वाटतं.

धंतोलीकरीण :
इतकं नीट समजावून सांगितल्याबद्दल खूप धन्यवाद. नऊवाली गोष्ट मलाही जाचली होती, शेजारच्याचा कोपर पूर्ण रस्ताभर माझ्या कुशीत.

वर्धा_रोड :
लांबचं सोडा, नागपूर-मुंबईत पण तेच. ए३२० या छोट्या विमानात आधी १८० सीटा असायच्या, आता १८६. माझी उंची सहा फूट एक इंच. मागच्या महिन्यात माझी सीट मागे झुकतच नव्हती, समोरच्याचा टेबल माझ्या छातीशी. जंबो परत आणून हे सुटणार नाही, कारण आज जंबो असतं तर त्यातही सीटा कोंबल्या असत्या. म्हणून म्हणतो, विमानासाठी रडू नका, एका सीटला कमीत कमी किती इंच जागा पाहिजे याचा कायदा मागा.

महालातले_आजोबा :
मी तुमच्या सगळ्यांपेक्षा जुना. रात्रीच्या टपालाच्या काळात मी पोरगा होतो. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारी दिशांची विमानं रोज रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाची पोती बदलायची आणि पहाटेच्या आत परत. आमचे वडील टपालात होते, मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. तेव्हाचं डाकोटा विमान शेपटीवर बसलेलं असायचं, सीटवर जायला आतून चढ चढावा लागायचा, हवेचा दाब वगैरे काही नाही, कान दुखून लोक उलट्या करायचे. सुख शून्य. तरी १९७३ मध्ये ते रात्रीचं टपाल बंद झालं तेव्हा वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. सोनेगावकर बेटा, तू आईसाठी रडून राहिला, त्यात चूक काय आहे? कायदा वर्धा रोडवाल्यांनी मागावा, तू व्हिडिओ पाहा.

सोनेगावकर :
आजोबा, नमस्कार. तुमचं वाचून डोळे भरले.

फिटर भाऊ, हवेचं मानलं, ते मला माहीत नव्हतं आणि ७८ च्या बाईला ते फार महत्त्वाचं आहे. पण एवढ्यानं माझं मत बदललं नाही, आईला पाय लांब करता आले होते ते कोणतं मशीन भरून देणार? आता एवढं सांगा, मुंबई-लंडन ७८७ आहे, सीट कुठली घेऊ?

मिहानचा_फिटर :
दादा, आईंना येण्याजाण्याच्या वाटेकडची सीट घ्या आणि तुम्ही त्यांच्या शेजारी मधल्या सीटवर बसा, म्हणजे कोपर तुमचा लागेल, परक्याचा नाही. पंखाच्या जवळपास घ्या, तिथं विमान कमी हलतं. पायाजवळ पिशवी ठेवू नका, वर टाका. खिडकीला पडदा नाही, बटण आहे, ते क्रूकडूनही बंद होतं, त्यांना उजेड हवा असेल तर सांगून ठेवा. आणि दर दोन तासांनी त्यांना उठवून मागच्या पँट्रीपर्यंत चालवा, उभं राहायला तिथं आजही जागा आहे.