पहिल्या वेळी बीपीने घात केला, आता अकराव्या आठवड्यात पीएलजीएफची रक्तचाचणी करून घेऊ का?

कृष्णाकाठ:
मला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. आज अकरा आठवडे दोन दिवस. तीन वर्षांपूर्वी सगळं नीट चाललंय म्हणेपर्यंत एकतिसाव्या आठवड्यात बोटातली अंगठी निघेना. साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत सूज येतेच. मलाही तसंच वाटलं. चार दिवसांनी डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा दवाखाना गाठला. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन तीन प्लस. त्याच रात्री सिझर. लेक १२८० ग्रॅमची, चोवीस दिवस पेटीत होती. आता अंगणवाडीत जाते, पण फाइलमधलं एक पान मला विसरता येत नाही. आधीच्या दोन तपासण्यांना बीपीचा रकाना कोरा आहे. कुणी मोजलंच नव्हतं.

परवा लॅबमधल्या मुलाने सांगितलं, डबल मार्करच्याच (बाळात जन्मजात दोषाची शक्यता बघतात त्या चाचणीच्या) रक्तात पीएलजीएफ होतं, बीपी वाढणार का ते आधी कळतं. पैशांचं बघू काहीतरी. पण खरंच कळतं का? आणि कळलं तर पुढे करायचं काय?

वारणेची लेक:
ताई, वाचताना अंगावर काटा आला. मला अठ्ठाविसाव्या आठवड्यात बीपी १४२/९० आलं, म्हणून डॉक्टरांनी एसफ्लिट आणि पीएलजीएफ या वारेतून येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर करायला सांगितलं. १४ आलं. ३८ च्या आत आहे, आठवडाभर तरी धोका दिसत नाही म्हणाले आणि अॅडमिट न करता घरी सोडलं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. सदतिसाव्या आठवड्यात मात्र बीपी चढलंच. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून बीपीचं मशीन कपाटात टाकू नका.

मिरजेचा प्रसूतितज्ज्ञ:
कृष्णाकाठ, तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पीएलजीएफ हे वारेत तयार होणारं, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या धमन्यांत शिरून त्या रुंद करतात. ते काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं आणि पीएलजीएफ कमी दिसतं. पुढे अशी वार एसफ्लिट आईच्या रक्तात सोडते आणि ते पीएलजीएफला धरून निकामी करतं. २००३ मध्ये बोस्टनच्या डॉ. अनंत करुमंचींच्या गटाने गाभण उंदरांना एसफ्लिट दिलं, तर त्यांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रोटीन आलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा या आजाराचा धागा हाती लागल्यासारखं वाटलं.

अकरा ते तेरा आठवड्यांतलं पीएलजीएफ एकटं बघून काही ठरत नाही. त्याला दोन्ही दंडांचं बीपी, एनटी सोनोग्राफीच्या (बाळाच्या मानेमागची जागा मोजतात तिच्या) वेळचा गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, आणि तुमचा इतिहास जोडून जोखीम काढतात. जोखीम जास्त निघाली तर रात्री अॅस्पिरिन १५० मिलिग्रॅम, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. २०१७ च्या, याच गोळीवरच्या अॅस्प्रे चाचणीत अशा बायकांमध्ये सदतीस आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया (तुम्हाला झाला तो, बीपी चढून लघवीत प्रोटीन जाण्याचा आजार) ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्यावर मात्र तेवढा फरक पडला नाही.

आता तुमच्यापुरतं. रिपोर्ट कसाही आला तरी तुम्हाला अॅस्पिरिन लागणारच. एकतिसाव्या आठवड्यात झालेला प्रीएक्लॅम्प्सिया हाच तुमचा सगळ्यात मोठा मार्कर. या चाचणीचा खरा उपयोग पहिलटकरणीला, जिच्या मागे काहीच इतिहास नाही तिला. म्हणून तेच पैसे दंडाच्या चांगल्या बीपी मशीनवर घाला. पट्टा दंडाच्या घेराला बसेल असा घ्या. आणि सोळावा आठवडा उलटायच्या आत गोळी सुरू व्हायला हवी, त्यामुळे याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना जुनी फाइल दाखवा. दमा, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर तो आधी सांगा. कॅल्शियमचंही विचारा. गुणोत्तराची वेळ पुढे, चोविसाव्या आठवड्यानंतर, तेही शंका आली तरच.

कृष्णाकाठ:
डॉक्टर, मनापासून आभार. दमा नाही, अल्सर नाही. घरी बीपी किती वेळा बघू? आणि किती आलं की धावायचं?

मिरजेचा प्रसूतितज्ज्ञ:
सध्या आठवड्यातून दोनदा, विसाव्या आठवड्यानंतर रोज. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. १४०/९० आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० आलं, किंवा डोकं ठणकलं, काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं तर आकड्याची वाट न बघता थेट दवाखाना.

कृष्णाकाठ:
सोमवारची वेळ घेतली. ह्यांनी आजच मशीन आणलं, ११२/७४ आलं. लेकीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत रकाने आखलेत, पहिला भरला. अंगठी आत्ताच काढून देवघरात ठेवली. आणि हो, सासूबाईंचंही बीपी मोजलं, १५६/९२. सोमवारी त्यांनाही नेते.