राहतो तिथलं राजकारण : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

परवा घरी वाद झाला. अमेरिकेतला चुलतभाऊ तिथल्या निवडणुकीवर बोलत होता. काका म्हणाले, "पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." मला पटलं नाही. आमचे पणजोबा तेलंगणातून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, सोलापुरात मागावर आले. ते इथं परक्या राज्याची प्रजा होते, पण मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला तेव्हा त्याचा जाच त्यांनाही इतरांइतकाच झाला. बाहेर राहणाऱ्यांनो, तुमचं सांगा.

लीड्सहून :
येऊन आठ महिने झाले होते. कौन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलं, चुकून आलं असेल म्हणून मी ठेवून दिलं. हॉस्पिटलातल्या माझ्या वॉर्डातली घानाची नर्स म्हणाली, आपण कॉमनवेल्थवाले, आपल्याला मत आहे. आमच्याच वॉर्डात बारा वर्षं राबणाऱ्या पोलिश मैत्रिणीला मात्र खासदार निवडता येत नाही. तिच्याकडे बघायला मला लाज वाटायची. ४ जुलै २०२४ ला रात्रपाळी संपवून गेले. ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट दाखवला. दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर एक फुली. बोटाला शाई नाही, आईला फोटो कशाचा पाठवू? आदल्या आठवड्यात सगळे जाहीरनामे वाचले होते. मी उद्या परत येईन, इथले म्हातारे इथंच राहणार. त्यांच्यासाठी वाचले.

न्यू जर्सीहून :
वर्षानुवर्षं सगळे कर भरले. ग्रीन कार्ड आलं, मत नाही. मुलगा अठराचा झाला तशी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये त्याची नोंद करावी लागली. सक्तीची सैन्यभरती निघालीच तर त्या यादीत तो आहे, मतदार यादीत नाही. "पप्पा, लढायला मी चालतो?" म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही. शाळा मंडळाच्या सभेत बोलता येतं, तिथं मात्र उभा राहिलो. हात कापत होते.

दुबईहून :
इथं राजकारण बोलायचंच नाही. म्हणून सोलापूरचं मत मी सोडत नाही. मतदानाच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं परदेशातल्या भारतीयाला गावच्या यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. ७ मे २०२४ ला आलो. उन्हात रांगेत ओळखीचा एकजण म्हणाला, "तू तिकडं राहतोस बे, तुला काय करायचंय इथलं?" सत्तर फूट रोडला माझी आई राहते. चार-पाच दिवसांआड नळ येतो, तेव्हा मध्यरात्री उठून बॅरल भरते. एकाहत्तर वर्षांची आहे.