इंदूरची हवा आणि गव्हाचा युरिया

रामबागकर:
सफाईत देशात पहिले आलो की आपली कॉलर ताठ. थंडीत हवा बिघडली की दोष धुळीला, टेम्पोला नाहीतर कचरा पेटवणाऱ्याला. अमोनियाचं नाव कुणी काढत नाही. डिसेंबरात माळव्यात गव्हाला युरिया पडतो. ओल्या मातीवर नुसता फेकला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याला फोडतं आणि नत्र अमोनिया होऊन उडतो, आपल्या काळ्या अल्कधर्मी जमिनीत जरा जास्तच. गाड्यांच्या धुरातून हवेत नायट्रिक आम्ल तयार होतं, त्याच्याशी जुळून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण बनतात. पीएम 2.5 म्हणतात त्यात हेही आले. थंडीत ते टिकतात, उन्हाळ्यात पुन्हा वायू होतात. माझं मत, युरिया देण्याच्या पद्धतीवर बंधन आणा.

सांवेरवाला:
वा भिया! गाड्या शहराने पळवायच्या आणि बंधन आमच्या पोत्यावर? पेट्रोल गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अमोनिया सोडतो, हे पलासिया चौकात जाऊन सांगा. शिवाय 2015 पासून देशातला युरिया निंबोळीचा लेप लावूनच येतो, तो उडणार कसा?

रसायनवाल्या ताई:
दादा, कन्व्हर्टरचं बरोबर. निंबोळीचं नाही. ती युरियातून मातीत बनलेल्या अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवते. अमोनियम वरच्या थरात रेंगाळलं तर उडायला उलट वावच मिळतो. पण रामबागकर, तुमचाही हिशेब अर्धा आहे. हवेत अमोनिया मुबलक असेल तर तो थोडा घटवून कण फारसे कमी होत नाहीत, कारण तुटवडा आम्लाचा असतो. अशा ठिकाणी आधी हे आम्ल बनवणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि कोळशातलं गंधक धरावं लागतं.

रामबागकर:
म्हणजे शेतावर काही करायचंच नाही?

तलावफेरी:
करायचं. तुम्ही सगळे माणसाच्या फुप्फुसापुरतं बोलताय. आपल्याकडे अमोनियाची मर्यादा घनमीटरला वर्षाच्या सरासरीने 100 मायक्रोग्रॅम, 24 तासांसाठी 400. युरोपात दगडफुलासाठी धोक्याची पातळी 1 धरतात. एक! हा नत्र पावसातून किंवा कोरडाच खाली बसतो. मग नत्रावर पोसणारं गवत माजतं आणि गरीब जमिनीत तगणाऱ्या वनस्पती हटतात, माती आंबट होते ती वेगळीच. नेदरलँड्समध्ये 2019 साली न्यायालयाने नत्र सोडणाऱ्या कामांना परवाने देण्याची सरकारी योजना रद्द केली, तेव्हा गोठ्यांपासून रस्त्यांपर्यंतचे परवाने अडले. आपला सिरपूर तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, फोटो भरपूर निघाले. त्यावर हवेतून किती नत्र पडतो, ते मोजायला कुणी साधी डबी तरी ठेवलीय का?

सांवेरवाला:
ठेवा की, आमची ना नाही. इलाजही आम्हाला ठाऊक आहे. युरिया टाकून लगेच पाणी सोडलं की तो खाली उतरतो, किंवा यंत्राने मातीत पेरायचा. पण मजूर युरिया फेकणार दिवसा आणि पंपाची वीज येणार रात्री, तर मधले तास कुणाच्या खात्यात? त्यात 45 किलोचं पोतं पावणेतीनशेच्या आत मिळतं. उडाला तर उडाला, दोन मुठी जास्त टाकू, असं सगळेच करतात. मीही.

रामबागकर:
बंधनाचा हट्ट मी सोडत नाही. पण दिवसा वीज मागायला तुमच्यासोबत येतो.

रसायनवाल्या ताई:
जरूर जा. आणि गाड्यांवरचं बंधन कुणी मागायचं? तुमच्याच दारात तीन उभ्या आहेत.