ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल: घरीच बदलू का?

निलेश_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, 2016, पेट्रोल, 71 हजार किमी. फेब्रुवारीत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग केलं, बिल 9,640. त्यात ‘ब्रेक फ्लुइड (म्हणजे ब्रेक ऑइल) बदलले’ अशी ओळ आहे. फ्लुइडचे वेगळे, मजुरीचे वेगळे, वर 18 टक्के जीएसटी.

मागच्या शनिवारी घरचे सगळे चिखलदऱ्याला गेलो होतो. येताना परतवाड्याकडे घाट उतरून राहिलो, मागे आई, बायको, पोरगी. खालच्या वळणांवर पेडल एकदम पोचट झालं. दाबतो तर खालीच जाऊन राहिलं. दुसऱ्या गिअरवर आणून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेला घेतली. अर्धा-पाऊण तास थांबलो तर पेडल परत कडक. तिथून नागपूरपर्यंत चाळीसच्या वर नेली नाही.

घरी येऊन मागच्या चाकामागे टॉर्च मारून पाहिलं. ब्लीडर निपल, म्हणजे जुनं ब्रेक ऑइल बाहेर काढायची तोटी, तिच्यावरच्या रबरी टोपीभोवती माती वाळून घट्ट बसलेली. टोपी काढली तर निपलवर जुना गंज, पान्याचा एक ओरखडा नाही. चारही चाकांना तेच. बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं. त्या निपलला कोणी हातच लावला नव्हता आणि मी पैसे भरून आलो होतो.

आता ठरवलंय, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं स्वतः करायचं. यूट्यूब पाहून होईल का? आणि एक मित्र म्हणतो, नागपूरच्या उन्हात जाड 20डब्ल्यू-50 ग्रेडचं इंजिन ऑइल टाक. खरं आहे का?

काकाजी_अंबाझरी

निलेश, इंजिन ऑइल कर, जरूर कर. मी मारुती 800 पासून घरीच करतो. पण चिडून सगळं एकदम अंगावर घेऊ नको.

आधी मित्राचं. इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या ‘5डब्ल्यू-30’ मधला 30 हा तेल 100 डिग्रीला किती घट्ट राहतं त्यावरून ठरतो. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट ते साधारण 90 च्या आसपास ठेवतो, बाहेर डिसेंबर असो की मे. बाहेरच्या 46 डिग्रीसाठी तेल जाड करायची गरज नाही. उलट सकाळी स्टार्ट करताना जाड तेल वर चढायला वेळ घेते, आणि इंजिनाची झीज तेव्हाच जास्त होते. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच टाक.

मे महिन्यात पहाटे साडेपाचला काम काढायचं. सपाट जागा, मागच्या चाकांना विटा, पुढे दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, डबा सरकवायलासुद्धा नाही. इंजिन पाच-सात मिनिटं चालू ठेव, म्हणजे तेल पातळ होईल पण भाजणार नाही. वर ऑइलचं झाकण उघडून ठेव. ड्रेन बोल्ट (खालचा, जुनं तेल काढायचा) शेवटच्या आट्यांना हातानं फिरव आणि फिरवताना आत दाबून धर. आटे सुटले की चटकन बाजूला घे, म्हणजे कोपरापर्यंत ओघळ येत नाही. बोल्टचं वॉशर दर वेळी नवीन. दहा-वीस रुपयांचं असतं आणि ते जुनंच ठेवलं की महिनाभर ठिबकते. बोल्ट परत लावताना आधी बोटांनी बसव. पान्यानं सुरुवात केली आणि आटे तिरपे गेले तर खालचं ऑइलचं चेंबरच बदलायची पाळी येते.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ताजं तेल लाव, रबर टेकलं की हातानंच पाऊण फेरा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून पाहा. दोन रबरं एकावर एक राहिली तर स्टार्ट करताच सगळं तेल जमिनीवर.

गॅरेजवाला_कामठीरोड

भाऊ, ब्रेक ऑइल एकट्यानं पहिल्यांदा घरी करू नका. आणि ते होईपर्यंत गाडी काढू नका. तुमच्या घाटात झालं ते हेच: ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते. डॉट 3 या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी 205 डिग्री, पाणी मुरल्यावर 140 वर येऊ शकतो. सतत ब्रेक दाबून कॅलिपर (चाकाजवळचे ब्रेकचे चिमटे) तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली. वाफ दबते, म्हणून पेडल खाली गेलं. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी, पेडल कडक. म्हणून लोकांना वाटते सगळं ठीक झालं. ठीक काही होत नाही.

या कामाला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक निपलवर. आमच्याकडे डाव्या मागच्या चाकापासून सुरू करतात, कारण पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून ते सगळ्यात लांब. डबी एकदा जरी रिकामी झाली तर हवा आत, आणि गाडीत एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ती काढायला कधी कधी स्कॅनर लागतो. गंजलेलं निपल तुटलं तर वेगळंच काम. थेंब रंगावर पडला तर रंग जातो.

गॅरेज कुठलंही घ्या, गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या किंवा माणूस घरी बोलवा, पण गाडीजवळ उभं राहू देतील तिथेच काम द्या. पारदर्शक नळी लावायला सांगा, चारही चाकांतून नवीन रंगाचं ऑइल येताना बघा, मग पैसे द्या. माझ्याकडे जो गिऱ्हाईक उभा राहतो त्याचं काम मी जास्त मन लावून करतो, हे खरं सांगतो.

प्राची_धरमपेठ

कूलंट घरी जमतं, फक्त दोन गोष्टी पाळा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या दिराचा हात असाच पोळला, खूण अजून आहे. आणि बोअरिंगचं पाणी अजिबात नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार मिश्रण आणा किंवा डिस्टिल्ड वॉटर वापरा.

जुनं कूलंट परातीत उघडं ठेवू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री, मांजरं चाटतात आणि मरतात. जळकं ऑइल नालीत ओतू नका. घातक कचऱ्याच्या 2016 च्या सरकारी नियमांनुसार तो घातक कचरा आहे, आणि आपल्या नाल्या शेवटी नाग नदीतच जातात. कॅनमध्ये भरून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. वॉरंटीतली गाडी असती तर मी सर्व्हिस सेंटरलाच जा म्हटलं असतं, पण तुमची 2016 ची आहे.

निलेश_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे आभार. गुरुवारी जवळच्या गॅरेजचा पोरगा बाइकवर घरी आला, ब्रेकचं काम इथेच पार्किंगमध्ये झालं. पेडलवर मी होतो, मधे मधे उतरून नळी पाहत होतो. मागच्या डाव्या चाकातून आधी काळपट आलं, मग तपकिरी, मग पाण्यासारखं स्वच्छ. नळीतले बुडबुडे मी स्वतः पाहिले. पुढच्या दोन्ही निपलना पेनिट्रेटिंग ऑइल लावून तासभर थांबावं लागलं. जुनं बिल आणि टोप्यांचे फोटो घेऊन उद्या वर्कशॉपच्या मॅनेजरला भेटून राहिलो.

काकाजी, रविवारी पहाटे ऑइल केलं. जुन्या फिल्टरचं रबर खरंच इंजिनाला चिकटून होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर नवीन त्यावरच चढवलं असतं. पोरगी टॉर्च धरून होती. रात्री गाडीखाली पेपर अंथरला, आज सकाळी पाहिला. कोरडा आहे.