परप्रांतीय कामगारांसाठी टीबी तपासणीचं वेगळं शिबिर असावं का नको?

शिरोलीचा सुपरवायझर:
चौदा वर्षं फौंड्रीत आहे. परवा गावात टीबी तपासणीचं शिबिर झालं, सकाळी अकरा ते दोन, बोर्ड मराठीत. आता आमच्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला, आहेत ती पोरं बिहार नाहीतर ओडिशाची, अकराला ती शिफ्टवर, बोर्ड वाचता येत नाही आणि एक खाडा झाला की ठेकेदार हजेरी कापतोय. माझ्या लाईनवरचा एकबी गेला नाही. गेल्या वर्षी ह्यातलाच एकजण दोन महिने खोकत होता, मेडिकलमधनं सिरप आणून प्यायचा, शेवटी मीच बेडका तपासायला नेला तर टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, महिन्यात अंगात ताकद आली, आणि छटपूजेला गावाकडं गेला तो गोळ्या सोडूनच बसला. कोर्स सहा महिन्यांचा, मधीच सोडला की साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी व्हायची भीती, मग औषधं जास्त कडक आणि हाल तर विचारू नका. परत आला तेव्हा ओळखू येईना ओ. एका रूमवर आठजण झोपतात, त्यात भट्टीवर वाळूची बारीक धूळ छातीत जाते, सिलिकाच्या धुळीनं टीबीचा धोका वाढतो हे तर डॉक्टरच सांगतात. म्हणून माझं म्हणणं, शिबिर ह्यांच्या रूमांजवळ, शिफ्ट सुटल्यावर, हिंदीत आणि ओडियात झालं पाहिजे.

मंगळवार पेठ:
भावा तुझी तळमळ कळते. पण माझी आई सरकारी दवाखान्यात केस पेपरला सकाळी आठपासनं लाईनीत उभारते, तिच्यासाठी कुणी घराजवळ शिबिर घेतलं? इथल्या माणसांचंच पुरं होईना. ज्या मालकानं ही पोरं आणली त्यानं बघावं, नफा त्याचा आणि खर्च आमच्या टॅक्सचा हे मला पटत नाही.

शिरोलीचा सुपरवायझर:
मालकाचं शंभर टक्के बरोबर. 21,000 पर्यंत पगार असला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो, पण ठेकेदाराकडच्या पोरांना कार्ड काय असतं तेच म्हाईत नाही, त्यावर भांडायलाच पाहिजे. पण आईच्या लाईनीचं भांडण ह्या पोरांशी नाही ना दादा. टीबी हवेतनं जातोय. तो पोरगा ज्या वडापमध्ये बसतो त्यातच माझी पोरगी कॉलेजला जाते. त्याला लवकर गोळ्या सुरू झाल्या तर त्याच्यापास्नं लागण व्हायचा धोका थोड्या आठवड्यांत लई कमी होतो, म्हणजे ते पैसे आपल्यावरच खर्च झाले की.

सदर बाजारची मुलगी:
मला वेगळं शिबिर नकोय, पण कारण दुसरं आहे. 2020 च्या कोरोनात दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमाची बातमी आली आणि आमच्या गल्लीत भाजीवाला यायचा थांबला. चार पिढ्या आम्ही इथं राहतोय, घरात मराठीच बोलतो, तरी आठवडाभरात आम्ही रोग पसरवणारे झालो. उद्या तुम्ही ओडिशावाल्यांच्या चाळीसमोर टीबीचा बॅनर लावून मांडव घालाल आणि दुसऱ्या दिवशी घरमालक सांगेल रूम खाली करा. एकदा वस्तीला नाव पडलं की ते जात नाही. आणि दुसरं, असा विषय निघाला की लोक "अल्पसंख्याक आणि परप्रांतीय" अशी एकच मोट बांधतात, तशी बांधू नका, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, रोजाच्या महिन्यात गोळी सहरीला घ्यायची का इफ्तारला, डोस तोच ठेवायचा का कमी, हे रमजान सुरू व्हायच्या आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर गेल्या वर्षी शुगर उतरून चक्कर येऊन पडल्या नसत्या. काहीजण म्हणतात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत माहिती द्या. चांगलंच आहे, पण तिथं सगळे पुरुष, सासूबाईंपर्यंत ती माहिती येणार कशी?

आशाताई, करवीर तालुका:
दोघांचं वाचलं. माझ्याकडं दर वर्षी दिवाळीच्या आसपास बीडकडनं ऊसतोड टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या घालून राहतात. पहाटे चारला बाया फडात जातात, मी दहाला गेले तर कोपीत म्हातारी आणि तान्ही पोरं. पोराचं लसीचं कार्ड गावाकडं राहिलेलं असतं, कुठला डोस झालाय विचारलं तर आईला सांगता येत नाही. मी आता संध्याकाळी जाते, आधी मुकादमाच्या बायकोला भेटते. ती म्हणाली की सगळ्या बाहेर येतात, मी एकटी गेले तर कुणी दार उघडत नाही. त्यामुळं वेगळं शिबिर नको म्हणून गप्प बसणंही मला जमत नाही, ताई. ही माणसं मार्च-एप्रिलला उठून जाणार, तोवर कोण बघणार?

मंगळवार पेठ:
आशाताईंना मान आहे, पण त्यांनाच मानधन वेळेवर नाही आणि त्यात हे काम वाढवायचं? आधी ते द्या.

आशाताई, करवीर तालुका:
ते तर द्याच. पण म्हणून पोरांची लस थांबवू म्हणता काय?

शिरोलीचा सुपरवायझर:
सदर बाजारच्या ताईंचं रात्रभर डोक्यात होतं. घरमालकाचं मी धरलंच नव्हतं, चूक झाली. मग टीबी हा शब्द बोर्डावर नकोच, बीपी, शुगर, वजन, खोकला असली सरसकट तपासणी ठेवू, घरमालकाच्या घरच्यांनीबी यायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर त्याला बाजूला नेऊन बेडक्याची डबी द्यायची. आणि ज्याला निघेल त्याला निक्षयचा, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीचा, नंबर मोबाईलमध्ये घालून द्यायचा, म्हणजे गावाकडं गेला तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याच गोळ्या पुढं चालू होतात. खायला महिन्याला 1,000 रुपये खात्यावर येतात हेबी सांगायचं, 2024 च्या नोव्हेंबरच्या आधी 500 होते. आमच्या पोराला ह्यातलं काय कुणी सांगितलंच नव्हतं.

सदर बाजारची मुलगी:
सरसकट असेल तर मी येते, बायकांची शुगर तपासायला मदत करीन. पण चाळीसमोर मांडव नको, शाळेत घ्या. चाळीसमोर घेतलात तर माझा विरोध कायम आहे.

आशाताई, करवीर तालुका:
शाळा मी हेडमास्तरांना विचारते. सुपरवायझर दादा, ओडिया बोलणारा तुमचा एखादा पोरगा सुट्टीच्या दिवशी दोन तास येईल का? त्याचा खाडा पडला तर ठेकेदाराला तुम्ही बोला.