मदत हवी आहे: व्हीजीए काढून डीव्हीआय लावली, विंडोज आलं की स्क्रीन काळी

मंडळी, माझा १९२० × १०८० चा मॉनिटर इतकी वर्षं निळ्या तोंडाच्या, १५ पिनांच्या व्हीजीए केबलवर चालत होता. अक्षरांच्या उजव्या कडेला पुसट सावली दिसायची आणि दर दोन-चार दिवसांनी ऑटो ॲडजस्टचं बटण दाबावं लागायचं. शेवटी वैतागून डीव्हीआय (डिजिटल सिग्नलची) केबल आणली.

केबल डीव्हीआय-डी आहे, म्हणजे फक्त डिजिटल. चपट्या पट्टीभोवतीच्या चार ॲनालॉग पिना तिला नाहीत. ग्राफिक्स कार्डाचं सॉकेट डीव्हीआय-आय आहे, म्हणजे डिजिटल आणि ॲनालॉग दोन्ही चालणारं, त्यामुळे बसली व्यवस्थित. (स्क्रू पिळताना बोटांची सालं निघाली, ते सोडा.) मेनूत जाऊन इनपुटही डिजिटल केलं.

आता गंमत बघा. मशीन सुरू केल्यावर सुरुवातीचा लोगो एकदम लख्ख दिसतो. म्हणजे केबल ठीक असावी. पण विंडोज लोड झालं की स्क्रीन काळी आणि 'नो सिग्नल'. व्हीजीए परत लावली की सगळं सुरळीत.

मला शंका रिफ्रेश रेटची आहे, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं त्याची. व्हीजीएवर तो मी ७५ हर्ट्‌झवर ठेवला होता आणि केबल सिंगल लिंक आहे, म्हणजे ड्युअल लिंकपेक्षा कमी डेटा नेणारी; तिला ७५ झेपत नसावं. सेफ मोडमधून (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर सुरू करून) ६० करून बघू का? की ड्रायव्हर उडवून नव्याने टाकू? दोन्ही केबल एकाच वेळी जोडल्या होत्या, त्याचा काही संबंध असेल का?

कार्डाला एचडीएमआय पोर्टही आहे. एचडीएमआय ते डीव्हीआय केबल घ्यायची माझी तयारी आहे, पण दुखणं सेटिंगचं असेल तर तिथेही हेच होईल ना?