मदत हवी आहे : आगीचा धोका न पत्करता खुराड्यात ऊब कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १२ मोठ्या कोंबड्या आणि ३ आठवड्यांची ९ पिल्लं आहेत. परवा रात्री पिल्लांवर लावलेला २५० वॅटचा दिवा साखळीतून निसटून थेट भुशात पडला. वास आला म्हणून धावले, तर भुसा काळा पडून धुमसत होता. तेव्हापासून धड झोप नाही.

मोठ्या कोंबड्यांची तितकी काळजी वाटत नाही. त्यांच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं. जागा कोरडी असली की पिसं फुलवून, एकमेकींना चिकटून त्या थंडी काढतात. प्रश्न पिल्लांचा आहे. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, असं मी करत आलेय. पिसं पूर्ण येईपर्यंत ऊब तर द्यावीच लागणार.

पिल्लं जिच्याखाली शिरून बसतात ती हीटिंग प्लेट कुणी वापरली आहे का? कडाक्याच्या थंडीत ती पुरते का? आणि दिवाच ठेवायचा तर साखळीशिवाय दुसरा आधार कशाचा देता? वायर चोचीपासून कशी वाचवता?

आणखी एक. घरच्यांनी वाऱ्यामुळे वरची जाळी गोणपाटानं बंद केली, तर सकाळी आत अमोनियाचा उग्र वास आणि भिंतींना ओल! गोणपाट लगेच काढलं. वारा थेट अंगावर न येता हवा खेळती राहावी यासाठी झरोका नेमका कुठे ठेवू?